रक्ताला घाबरणारी वैद्य

बारामती-इंदापूर एसटीत मोबाइलवर ‘नारुतो’ बघणाऱ्यांनो, आज त्सुनाडेबद्दल.

मासाशी किशिमोतोची ही मांगा १९९९ची, ॲनिमे २००२चं. त्सुनाडे म्हणजे कोनोहा या निंजांच्या गावाची सगळ्यात निष्णात वैद्य. प्रत्येक तुकडीसोबत एक वैद्य हवाच, हा आग्रह तिचाच. पण धाकटा भाऊ नावाकी युद्धात गेला, मग प्रियकर डान तिच्या डोळ्यांसमोर रक्तस्रावाने. तेव्हापासून रक्त दिसलं की हिचे हातपाय गळतात. गाव सोडून जुगार खेळत, सावकारांना चुकवत फिरते. (एकदा जिंकली की उलट धास्तावते, हा तपशील मला फार आवडतो.)

इथवर पात्र अस्सल. घोळ पुढे आहे. इतक्या वर्षांची भीती खलनायक ओरोचिमारू आणि त्याचा साथीदार काबुतो यांच्याशी झालेल्या एका लढाईत पळून जाते! कथानायक नारुतो जिवावर उदार होतो आणि बाई बऱ्या. पुढे त्या पाचव्या होकागे, म्हणजे गावप्रमुख होतात, कथेला त्या भीतीची फारशी आठवण राहत नाही. दुःख एवढं खोल दाखवायचं आणि उपचार असा झटपट उरकायचा?

परत बघाल तेव्हा शिझुनेकडे लक्ष द्या. डानच्याच घरातली, तेच दुःख वाट्याला आलेलं, तरी त्सुनाडेला सांभाळत गावोगाव फिरली. तिच्या मनाचं मात्र कुणी विचारलंच नाही.