बाल्ड सायप्रसच्या बोन्सायसाठी मातीचे मिश्रण

वड, उंबर, नांद्रूक यांचे बोन्साय आपल्या परिचयाचे आहेत. बाल्ड सायप्रस हे परदेशी झाडही बोन्सायसाठी उत्तम मानले जाते. या झाडाला चांगला आकार येण्यास आठ-दहा वर्षे लागतात. मात्र 'हे दलदलीतले झाड आहे, त्याला चिकण मातीच मानवेल' असे समजून कुंडी काळ्या मातीने भरली, तर झाडाची वाढ खुंटते आणि अनेक वर्षांचे कष्ट वाया जातात. म्हणून मिश्रणाची निवड विचारपूर्वक करावी.

झाडाची ओळख

बाल्ड सायप्रसचे शास्त्रीय नाव टॅक्सोडियम डिस्टिकम असे आहे. अमेरिकेच्या आग्नेय भागातील लुइझियाना, फ्लोरिडा इत्यादी राज्यांत नदीकाठच्या पाणथळ जमिनीत ते वाढते. सूचिपर्णी वर्गातील असूनही हिवाळ्यात त्याची पाने तांबूस होऊन गळतात. या बोडकेपणामुळेच त्याला 'बाल्ड' म्हणजे टकला हे नाव पडले. बुंधा खाली रुंद असतो व पाणथळ जागी मुळांपासून गुडघ्यासारखे उंचवटे वर येतात.

हे झाड पाण्यात उभे राहत असले तरी त्याचे बी पाण्याखाली रुजत नाही. पूर ओसरून ओली जमीन उघडी पडली की मगच ते रुजते. रोपाचा शेंडा पाण्याच्या वर राहिला तरच रोप जगते. म्हणजे या झाडाला ओल भरपूर हवी असली तरी हवेचीही गरज आहे.

कुंडीत चिखल का नको?

शेतातील जमीन खोल असल्याने जादा पाणी खाली उतरते. उथळ कुंडीत तसे होत नाही. पाणी दिल्यावर तळाशी एक थर संपृक्त राहतो व कण जितके बारीक तितका हा थर जाड असतो. हे पाहण्यासाठी भिजलेला स्पंज ताटात आडवा ठेवावा. निथळणे थांबल्यावर तोच स्पंज उभा करावा. आणखी पाणी गळते. उथळ कुंडी ही आडव्या स्पंजासारखी असते.

कुंडीच्या तळाशी खापऱ्यांचा किंवा खडीचा जाड थर दिल्याने निचरा सुधारतो, हा समज बरोबर नाही. ओला थर तेवढाच वर सरकतो व मुळांना जागा कमी मिळते. छिद्रावर जाळीचा तुकडा पुरेसा आहे.

काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते व बारीक मुळे तुटतात. शिवाय आपल्या काळ्या जमिनी बहुधा चुनखडीयुक्त असून त्यांचा सामू ७.५ पेक्षा जास्त असतो. बाल्ड सायप्रसला किंचित आम्लधर्मी माती मानवते. विम्ल मातीत लोह उपलब्ध होत नाही व कोवळी पाने पिवळी पडतात. भुईमुगावर पडणारा केवडा याच कारणाने पडतो.

मिश्रणाचे घटक

१) विटांचे तुकडे : पक्क्या भाजलेल्या विटा घ्याव्यात. कच्च्या विटेचा पाण्यात चिखल होतो. चुना किंवा सिमेंट चिकटलेल्या जुन्या विटा वापरू नयेत. तुकडे ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान व तुरीच्या दाण्यापेक्षा मोठे नसावेत. चाळून बारीक भुकटी काढून टाकावी व तुकडे धुऊन घ्यावेत.

२) जाड वाळू : धुतलेली व चाळलेली असावी. थोड्या वाळूवर व्हिनेगर टाकून पाहावे. फेस आल्यास तीत चुनखडी आहे असे समजावे व ती वापरू नये.

३) सेंद्रिय पदार्थ : पूर्ण कुजलेले पालापाचोळ्याचे खत किंवा नारळाच्या काथ्याचा भुसा वापरावा. भुशातील क्षार निघून जाण्यासाठी तो दोन-तीन वेळा गोड्या पाण्यात धुवावा. अर्धवट कुजलेले शेणखत वापरू नये.

प्रमाण

एकाच मापाने, उदाहरणार्थ घमेल्याने, मोजून घ्यावे.

• वाढीच्या अवस्थेतील रोपे, खोल कुंडी : विटांचे तुकडे ५ भाग, वाळू २ भाग, सेंद्रिय पदार्थ ३ भाग.
• तयार झाड, उथळ कुंडी : विटांचे तुकडे ६ भाग, वाळू २ भाग, सेंद्रिय पदार्थ २ भाग.

कोकणासारख्या जास्त पावसाच्या भागात सेंद्रिय पदार्थ एक भाग कमी करून तेवढे विटांचे तुकडे वाढवावेत. मराठवाडा, विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात सेंद्रिय पदार्थाचा एक भाग वाढविण्यास हरकत नाही.

पाणी व कुंडी बदलणे

अशा मोकळ्या मिश्रणात ओल कमी टिकते. ती उणीव पाण्याने भरून काढावी, मातीने नव्हे. उन्हाळ्यात कुंडी २ ते ३ सें. मी. पाणी असलेल्या पसरट ताटलीत ठेवावी. पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलावे, म्हणजे डास होत नाहीत. पावसाळा सुरू होताच ताटली काढून घ्यावी. ताटलीतले पाणी केव्हाही ओतून देता येते, कुंडीतला चिखल मात्र काढता येत नाही.

थंडी सरताना, कळ्या फुगू लागल्या की कुंडी बदलावी. त्या वेळी मुळांचा एक तृतीयांशपेक्षा जास्त भाग छाटू नये. कोवळ्या झाडांची कुंडी साधारण दोन वर्षांनी बदलावी.

विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी जड असल्यास काही वर्षांत मिश्रणाचा सामू वाढतो. शक्य तेव्हा पावसाचे साठविलेले पाणी द्यावे. तरीही पाने पिवळी पडल्यास चिलेटेड लोह द्यावे. विम्ल मातीत ईडीडीएचए प्रकारचे लोह टिकते, ईडीटीए प्रकारचे फारसे उपयोगी पडत नाही.

सर्व झाडांची कुंडी एकाच वेळी बदलण्याऐवजी पहिल्या वर्षी दोन-तीन झाडांवर हे मिश्रण वापरून पाहावे. आपल्या पाण्याला व हवामानाला अनुरूप असा थोडा फेरफार करून मगच ते सर्व कुंड्यांसाठी वापरावे.