शहरातील वाया जाणारे अन्न आणि आपली खाचरे

खारघर, कामोठे, कळंबोली ही एकेकाळी भातशेतीची गावे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाल्यानंतर या परिसरात वसाहती उभ्या राहिल्या आणि १ ऑक्टोबर २०१६ रोजी २९ गावांसह पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली. भात खाणारे वाढले, पिकविणारे कमी झाले, हे सर्वांना माहीत आहे. परंतु ताटात उरलेल्या भाताचे पुढे काय होते आणि त्याचा आपल्या जमिनीशी काय संबंध येतो, याचा विचार फारसा होत नाही. प्रस्तुत लेखात तो शेतकऱ्याच्या बाजूने केला आहे.

वाया जाणाऱ्या अन्नाचा हिशेब

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातील ६० टक्के घराघरांतून गेले. भारतातील घरांसाठी माणशी वर्षाला ५५ किलो असा अंदाज त्यात दिला आहे. साली, देठ, हाडे यांचाही त्यात समावेश आहे. पनवेल महानगरपालिकेच्या आजच्या क्षेत्राची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ५ लाख होती. तेवढीच धरली तरी वर्षाला २७,५०० टन, म्हणजे दररोज सुमारे ७५ टन होतात. हॉटेले, मंगल कार्यालये आणि आपल्याकडील हळदीच्या जेवणावळी यात धरलेल्या नाहीत. यजमानाची प्रतिष्ठा उरलेल्या भाताच्या टोपावरून मोजण्याची आपली सवय या बाबतीत फारच महाग पडते.

एक किलो तांदूळ तयार होण्यास सरासरी २,५०० लिटर पाणी लागते असे मानले जाते. कोकणात हे पाणी बहुतांशी पावसाचे असल्याने त्याची झळ आपल्याला जाणवत नाही. पण नांगरणी, चिखलणी, लावणीची मजुरी, युरिया आणि डिझेल हे सर्व त्या टाकलेल्या भाताबरोबर वाया जातेच.

खाचरातला बुडबुडा आणि कचऱ्याचा डोंगर

पाणी साचलेल्या खाचरात पाय टाकला की बुडबुडे वर येतात, हे प्रत्येक भात उत्पादकाने पाहिले आहे. त्यात मिथेन वायू असतो. हवा न मिळाल्यास जमिनीतील विशिष्ट सूक्ष्मजीव सेंद्रिय पदार्थ कुजवून तो तयार करतात. क्षेपणभूमीत नेमके हेच घडते. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला ओला कचरा थरावर थर दाबला गेला की आत हवा पोचत नाही. शंभर वर्षांच्या मुदतीत मिथेनचा उष्णता धरून ठेवण्याचा परिणाम कार्बन डाय ऑक्साइडच्या सुमारे २८ पट असतो. शिवाय तो ज्वालाग्राही आहे. १९२७ पासून वापरात आलेल्या मुंबईतील देवनार क्षेपणभूमीला जानेवारी २०१६ मध्ये लागलेल्या मोठ्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला होता.

आपल्याकडे सिडकोने तळोज्याजवळ घोट-चाळ येथे क्षेपणभूमी उभारली. कोकणासारख्या पावसाच्या प्रदेशात अशा ठिकाणी आणखी एक अडचण असते. कचऱ्यातून झिरपणारे काळे पाणी पावसाबरोबर वाढते. ते अडवून त्यावर प्रक्रिया केली नाही तर ओढ्यातून आणि भूजलातून खालच्या शेतापर्यंत पोचू शकते. तोच कचरा हवेशीर कुजविला तर मिथेन फारच कमी तयार होतो आणि हाती खत येते.

कच्चा कचरा बांधावर घेऊ नये

फुकट मिळतो म्हणून भाजी बाजाराचा किंवा हॉटेलचा न कुजलेला कचरा थेट खाचरात टाकण्याचा मोह होतो. तो टाळावा. पाणी भरल्यावर कच्च्या पदार्थामुळे मिथेन अधिक निघतो आणि कुजण्याच्या काळात रोपांना नत्र कमी पडू शकते. अन्नाच्या वासाने उंदीर येतात. उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस हा आजार चिखलात जखमी पायाने काम करणाऱ्यास होतो. काचेचा तुकडा लावणीच्या वेळी कोणाच्या पायात जातो, हे वेगळे सांगायला नको.

शहरी कंपोस्ट घेताना

राज्यात 'हरित महा सिटी कंपोस्ट' या नावाने शहरी कचऱ्याचे खत विक्रीस आले. खत नियंत्रण आदेशानुसार अशा खतात किमान ०.८ टक्के नत्र आणि १२ टक्के सेंद्रिय कर्ब असावा लागतो. शिसे किलोस १०० मिलिग्रॅमपेक्षा व कॅडमियम ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे एक टन खतात नत्र सुमारे ८ किलो. तेही पहिल्या हंगामात पूर्ण मिळत नाही. त्यामुळे युरियाला पर्याय म्हणून नव्हे, तर जमिनीचा पोत सुधारण्यासाठी हे खत घ्यावे.

आपल्या भागातील खारजमिनीच्या शेतकऱ्यांनी विद्युत वाहकतेचा आकडा अवश्य विचारावा. त्याची कमाल मर्यादा ४ डेसीसायमन प्रति मीटर आहे. शिजविलेल्या अन्नात, लोणच्यात, फरसाणात मीठ असते आणि ते कुजून जात नाही, खतात तसेच उतरते. खाडीच्या पाण्याने आधीच खारवलेल्या जमिनीत त्याची भर नको. अशा जमिनीत हे खत पावसाळ्यापूर्वी द्यावे, म्हणजे क्षार धुपून जाण्यास वाव राहतो. रब्बीच्या भाजीपाल्यास देण्यापूर्वी खताची तपासणी करून घ्यावी.

स्वतः खत करणे केव्हाही चांगले. पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांची नाडेप पद्धत यासाठी सोयीची आहे. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच अशी भिंतीत छिद्रे ठेवलेली टाकी बांधावी. ओला कचरा एकटा भरू नये, तो चिकट होऊन घाण येते. खराब झालेला पेंढा, वालाचा भुसा, पालापाचोळा असे कोरडे पदार्थ मिसळावेत. कर्ब-नत्राचे प्रमाण ३० ला १ च्या आसपास राहिले की कुजणे नीट होते. त्यावर शेणकाला आणि चाळलेली माती यांचे थर द्यावेत. खत तयार होण्यास ९० ते १२० दिवस लागतात, म्हणून आपल्याकडे टाकी जानेवारीअखेर भरावी. उशीर झाल्यास पावसात अन्नद्रव्ये वाहून जातात.

आपल्या खळ्यावरचे नुकसान

दोष केवळ शहराला देता येणार नाही. लुधियानाच्या काढणीपश्चात अभियांत्रिकी संस्थेच्या २०१५ च्या अहवालानुसार काढणीनंतर धान्याचे ४.६५ ते ५.९९ टक्के आणि फळे-भाजीपाल्याचे ४.५८ ते १५.८८ टक्के नुकसान होते. लोंबीतील सुमारे ९० टक्के दाणे पक्व होताच कापणी करावी. थांबल्यास दाणे झडतात. साठवणीपूर्वी भातातील ओलावा १२ टक्क्यांपर्यंत आणावा. काकडी, शिराळी सकाळी लवकर काढून सावलीत ठेवावी, गोणीत कोंबू नये.

लग्नातील उरलेला भात व पोळ्या जनावरांना एकाच वेळी भरपूर घालू नयेत. पिष्टमय पदार्थ एकदम पोटात गेल्यास आम्लता वाढून जनावर दगावू शकते. थोडे थोडे, वैरणीत मिसळून द्यावे. आंबलेले किंवा बुरशी आलेले अन्न देऊ नये.