एक घर, दोन घरं

पैठणचं भट्ट घराणं सोळाव्या शतकात काशीला गेलं आणि तिथलंच झालं. त्या घरातल्या नीलकंठ भट्टांचा ‘व्यवहारमयूख’ मुंबईच्या वकिलांना ठाऊक असतो. वारसाहक्काच्या जुन्या खटल्यांत त्याचा आधार घेतला जाई. बुद्धिबळवाल्यांनी मात्र त्यांचा ‘नीतिमयूख’ उघडावा. राजनीतीच्या त्या ग्रंथात बुद्धिबळही आहे, घोड्याला चौसष्ट घरं फिरवून आणायची रीतसुद्धा आहे. काळ साधारण १६१० ते १६४५.

त्याच्या थोडं आधी पोलेरिओ आणि त्याच सुमारास ग्रेको, हे दोघे इटालियन आपल्या वह्यांत सिसिलियन बचाव उतरवत होते. आपल्या हिंदुस्तानी डावात तो जन्मणं अवघडच होतं. इथलं प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचं. ई-४ ला सी-५ हे उत्तर येणार कुठून? म्हणून इथला खेळाडू मध्य लांबून धरायचा. १८५० च्या दशकात कलकत्त्यात महेशचंद्र बंद्योपाध्याय कॉक्रेन या ब्रिटिश खेळाडूसमोर काळ्या मोहऱ्यांनी उंट जी-७ वर बसवून खेळले, आणि ‘इंडियन’ बचावांचं नाव त्यावरून पडलं असं मानतात. पुढे आंतरराष्ट्रीय नियम आले आणि प्यादं पहिल्या चालीला दोन घरं सरकू लागलं. १९५५ साली एलुरूच्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेचं विजेतेपद रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या यांनी वाटून घेतलं.

आज बनारसमधल्या मुलाला सिसिलियन शिकवायचा तर चाली पाठ करून घेण्याआधी त्यातला सौदा दाखवावा. पांढरा डी-४ खेळतो, काळा सी-प्याद्याने ते मारतो, घोडा परत मारतो. कडेचं प्यादं देऊन काळ्याने मधलं घेतलं. आता त्याच्याकडे मध्यात दोन प्यादी, पांढऱ्याकडे एक. सी-पट्टी अर्धी मोकळी. हत्ती सी-८ वर येतो आणि वेळ पडली तर सी-३ वरच्या घोड्यावर स्वतःला झोकून देतो. मग ए-६, बी-५ अशी प्यादी पुढे. पांढरा राजावर धावून येत असताना डी-५ कधी ढकलायचं, हे ज्याला कळलं त्याला सिसिलियन कळला. बाकीचं पुस्तकात मिळतं.

सिसिलियनच्या प्रकारांत मला सर्वांत भावतो तो ड्रॅगन. त्यात सी-५ इटालियन वहीतलं, आणि जी-७ वरचा उंट महेशचंद्रांच्या वळणाचा. १९९५ साली न्यूयॉर्कला जगज्जेतेपदाच्या लढतीत कास्पारोव्हने हाच ड्रॅगन काढला आणि अकराव्या व तेराव्या डावात काळ्या मोहऱ्यांनी आनंदला हरवलं.