पेशींचीही सेकंड इनिंग!

‘सेल रिप्रोग्रॅमिंग’ म्हटलं की ऑफिसातली मंडळी जांभया देतात. म्हणून मी ते करिअरच्या भाषेत सांगते. त्वचेची पेशी म्हणजे कायम एकाच टेबलावर चिकटलेली कर्मचारी. अख्ख्या शरीराच्या फायली तिच्याकडे असतात, पण उघडी फक्त स्वतःच्या कामापुरती. आता तिला पुन्हा दहावीच्या निकालाच्या दिवशी नेऊन उभं केलं तर? हृदय, मेंदू, डोळा... सगळ्या शाखांना ॲडमिशन खुली!

हे जमवलं क्योटोच्या शिन्या यामानाकांनी. सर्जरीत हात इतका संथ, की त्यांना ‘जामानाका’ म्हणत. जपानीत ‘जामा’ म्हणजे अडथळा! २००६ मध्ये त्यांनी आणि काझुतोशी ताकाहाशींनी उंदराच्या पेशींत २४ जनुकं घातली, मग एकेक वगळून पाहिलं. पुरेशी ठरली फक्त चार. २००७ मध्ये माणसाच्या पेशींतही तेच साधलं, २०१२ मध्ये नोबेल. आणि ‘आयपीएस’ पेशींच्या नावातला छोटा ‘आय’? थेट आयपॉडवरून!

पण थांबा. त्या चारांतलं एक जनुक कॅन्सरशी जोडलेलं आहे. २०१४ मध्ये जपानमध्ये सत्तरीतल्या एका बाईंच्या डोळ्यात त्यांच्याच त्वचेपासून बनवलेला पेशींचा थर बसवला. दुसऱ्या रुग्णाच्या पेशींत मात्र जनुकीय बदल दिसले आणि डॉक्टरांनी ऑपरेशनच थांबवलं.

तेव्हा कुणी ‘स्टेम सेलने सगळं बरं करतो’ म्हणालं, तर बिनधास्त विचारा: कुठल्या पेशी, चाचणी कुठे झाली, मंजुरी कुणाची? डोळे आपल्या आजीचे आहेत, लाजायचं कशाला?