आधी मोजे काढा

‘थोडं चाललं की पोटरीत गोळा येतो, थांबलं की बरं वाटतं.’ घरात कुणी असं म्हटलं, की उत्तर तयार असतं: वय झालं, वात असेल, नाहीतर कंबरेत शीर दबली असेल. पण कंबरेचं दुखणं बहुधा बसल्यावर किंवा वाकल्यावर कमी होतं. धमनी अरुंद झाली असेल तर नुसतं उभं राहिलं तरी काही मिनिटांत पोटरी मोकळी होते आणि साधारण तेवढंच अंतर चालल्यावर पुन्हा धरते. म्हणून डॉक्टरांना ‘पाय दुखतो’ एवढंच सांगू नका. किती चालल्यावर दुखतो, तेही सांगा.

यासाठी थेट अँजिओग्राफीच करावी लागते, हा दुसरा समज. तपासणी सुरू होते ती हातांनी: जांघ, गुडघ्यामागचा खळगा, घोट्याची आतली बाजू आणि पावलाचा वरचा भाग, या चार ठिकाणी नाडी चाचपतात. त्यासाठी मोजे उतरवायला हवेत, आणि नेमकं तेच घाईत राहून जातं. मग रुग्णाला थोडा वेळ आडवं झोपवून दोन्ही दंडांचा आणि दोन्ही घोट्यांचा वरचा रक्तदाब डॉप्लरने मोजतात. घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागायचं. घोटा 90, दंड 140, तर उत्तर 0.64. 0.90 किंवा त्याहून कमी आलं तर धमनीत अडथळा आहे असं धरतात. सुई नाही, औषध नाही. स्टेंट किंवा बायपास करायचं ठरत असेल, तेव्हा अँजिओग्राफी.

मधुमेहींच्या बाबतीत मात्र हाच आकडा फसवू शकतो. त्यांच्या धमन्यांच्या भिंतीत चुना साचून त्या कडक होतात, पट्ट्याने दबत नाहीत आणि उत्तर 1.40 च्याही वर जातं. ‘जास्त आलं, म्हणजे रक्त चांगलं पोचतंय’ असं समजणं घातक आहे. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजावा लागतो, तिथे 0.70 च्या खालचं उत्तर वाईट. आणि ‘दुखत नाही, म्हणजे काही नाही’ हेही त्यांना लागू होत नाही. संवेदना गेलेल्या पावलाला जखम झाली तरी कळत नाही. ती रोज डोळ्यांनीच शोधावी लागते.

हा म्हातारपणाचाच आजार, असंही नाही. विडी-सिगारेट-तंबाखूमुळे होणारा बर्जरचा आजार बहुधा पन्नाशीच्या आतच गाठतो.

पाय अचानक गार, पांढरा, बधिर पडला, तर शेकत बसू नका. तासाभराचा उशीरही महाग पडतो. तडक मोठं रुग्णालय गाठा.