अतिचंचलतेवरील औषधास मुलांचा नकार
अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकारावरील, म्हणजेच एडीएचडीवरील औषध नाकारणाऱ्या मुलाजवळ बहुधा सबळ कारण असते. मिथाइलफेनिडेटमुळे भूक मंदावते, पोट दुखते, झोप उशिरा लागते. गोळी कुटून गुळात लपवण्याची घरगुती युक्ती येथे घातक ठरू शकते. दीर्घ परिणामी गोळी कुटल्यास बरीचशी मात्रा एकदमच शरीरात उतरते, आणि लबाडी उघड झाली की मुलाचा घासावरचाही विश्वास उडतो.

हे औषध ‘अनुसूची एक्स’मधील असल्याने विशेष परवान्याच्या दुकानातच, दोन प्रतींतील चिठ्ठीवर मिळते. त्यासाठी जतहून मिरजेस किंवा पाटणहून साताऱ्यास फेरी घातलेल्या पालकाचा, मुलाने गोळी थुंकल्यावर, संयम सुटणे समजण्याजोगे आहे. तरीही न्याहारीनंतर गोळी देणे आणि मुलाची तक्रार त्याच्याच तोंडून डॉक्टरांना ऐकवणे अधिक उपयोगी पडते. मात्रा, वेळ किंवा औषधही बदलता येते. ‘टेली-मानस’ या शासकीय दूरध्वनी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे.