पाणी कुठवर चढेल?

८ नोव्हेंबर २०१३च्या सकाळी हैयान टायफून फिलिपिन्सच्या लेयते बेटावर आदळला, तेव्हा टॅक्लोबान शहरातले अनेक लोक घरं सोडून निवाऱ्यांत गेलेले होते. त्यांतल्या काही निवाऱ्यांतच समुद्र शिरला. त्या वादळात देशभरात ६,३०० माणसं गेली. पाणी सात मीटरपर्यंत चढू शकतं, असा इशारा तिथल्या हवामान खात्याने आदल्या दिवशीच दिला होता. आकडा फारसा चुकला नव्हता. पण त्या आकड्याने कोणती गल्ली, कोणती शाळा पाण्याखाली जाईल, हे सांगितलं नाही आणि माझ्या मते तोवर अंदाज पुरा होत नाही.

वादळाच्या केंद्रात हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की समुद्र साधारण एक सेंटिमीटर फुगतो. हैयानचा दाब ८९५पर्यंत खाली गेला होता. म्हणजे दाबामुळे चढलेलं पाणी फार तर सव्वा मीटर. बाकी सगळं वाऱ्याचं काम. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर पाण्यावरचा रेटा चौपट होतो, आणि समुद्र उथळ असेल तर ढकललेल्या पाण्याला तळाने परतायला वाव मिळत नाही. टॅक्लोबान अशाच उथळ, निमुळत्या उपसागराच्या टोकाशी वसलंय. शिवाय वादळ शहराच्या दक्षिणेकडून गेल्याने शहर त्याच्या उजव्या, अधिक जोरकस बाजूला सापडलं.

शेजारच्या सामार बेटावरच्या हर्नानी गावाची गोष्ट याहून अस्वस्थ करणारी. गावासमोर खोल पॅसिफिक. नेहमीच्या गणिताने तिथं पाणी फार चढायला नको. तरी किनाऱ्याजवळचा प्रवाळखडक ओलांडून त्सुनामीसारखी पाण्याची भिंत आली आणि घरं उखडून गेली. मोठ्या लाटा गटागटाने येतात आणि त्या गटांच्या तालावर खडकावरचं पाणी एकदम उसळतं. फक्त दाब आणि वारा धरणाऱ्या प्रतिमानाला ही उसळी दिसतच नाही.

भरतीची वेळ हा आणखी एक घटक. २०१८च्या मांगखुट वादळाने हाँगकाँगच्या क्वारी बे इथं समुद्र २.३५ मीटर फुगवला. १९५४पासूनच्या नोंदींत एवढा फुगवटा नव्हता. तरी प्रत्यक्ष पातळी ३.८८ मीटरवर थांबली, १९६२च्या वांडा वादळातल्या ३.९६च्या खाली, कारण फुगवटा ऐन भरतीला आला नाही.

जुन्या नोंदींवर विसंबणंही धोक्याचं. लेयतेवर १८९७मध्ये असंच वादळ येऊन समुद्र आत घुसला होता. मनिला वेधशाळेचे होसे अल्गे यांनी त्यावर लिहूनही ठेवलं होतं. ११६ वर्षांनी ती आठवण कुणाच्या कामी आली नाही. म्हणून आता संगणकावर हजारो काल्पनिक वादळं सोडून पाहतात. त्यातून ‘शंभर वर्षांतून एकदा’ येणारी पातळी निघते. तिचा खरा अर्थ दर वर्षी एक टक्का शक्यता, म्हणजे तीस वर्षांत जवळजवळ २६ टक्के.

जपानने १९५९च्या इसे उपसागरातल्या वादळात पाच हजारांवर माणसं गमावली. पुढे तसंच बलवान वादळ सर्वांत वाईट वाटेने आलं तर काय, हे धरून बांध आणि दरवाजे उभारले. २०१८मध्ये ओसाकात पाणी ३.२९ मीटर चढलं, १९६१चा २.९३चा उच्चांक मोडला, तरी दरवाज्यांनी मुख्य शहर वाचवलं. भरावावरचा कान्साई विमानतळ मात्र बुडाला.

फिलिपिन्सनेही हैयाननंतर पाण्याच्या वेगवेगळ्या उंचींसाठी वस्तीवार नकाशे काढले. डिसेंबर २०१४च्या हागुपिट वादळाआधी दहा लाखांहून जास्त लोक हलवले गेले. पण ते वादळ किनाऱ्यावर येईतो बरंच ओसरलं होतं. हैयानएवढ्या पाण्यापुढे त्या नकाशांची परीक्षा तेव्हा झालीच नाही.